पहिल्या बेसवरची मैत्रीण

पारनेरला आमच्या कॉलेजात मुलींचा बेसबॉलचा संघ होता, हे सांगितलं की अजूनही लोक हसतात. मी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होते. पहिल्या बेसवर चेंडू झेलायला माझी मैत्रीण असायची. तिचे आईवडील पाथर्डीकडचे, दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. म्हणून ती इथे मावशीकडे राहून शिकत होती.

सरांनी एक नियम आमच्याकडून घोटून घेतला होता. समोरच्या संघाची रनर पहिला बेस सोडून पुढे सरकली, तर पिचरने गर्रकन वळून तिथे चेंडू फेकायचा आणि तिला बाद करायचं. पण पाय पिचरच्या पाटीवर असताना एकदा त्या बेसकडे पाऊल टाकलं, की चेंडू सोडायलाच हवा. नुसती हूल दिली, तर तो बॉक. प्रत्येक रनरला पुढचा बेस फुकट.

पहिला बेस माझ्या पाठीमागे. रनर सरकली की मैत्रीण हलकंच खोकायची आणि मी वळायचे.

"बघत बसू नको, फेक. मी हाय ना," ती म्हणायची.

बारावीच्या दिवाळीत तिचं लग्न ठरलं. सरांबरोबर मी तिच्या गावी गेले. जिल्ह्याचे सामने होईपर्यंत तरी थांबा, असं सरांनी वडिलांना विनवलं.

"टोळी थांबत न्हाई, सर," वडील खाली मान घालून म्हणाले. "तोडीला नवराबायकोची जोडी लागती. एकट्या पोराला कोन घेतंय?"

ती आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आली.

"माझी जर्सी कुनाला देनार?"

"कुणालाच नाही."

"येडी का काय? दे कुनालातरी. सामना हाय."

सामन्यात तिच्या जागी दुसरी मुलगी होती. शेवटच्या डावात रनर तिसऱ्या आणि पहिल्या बेसवर होत्या, धावा बरोबरीत. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. माझं अंग आपोआप वळलं, पाऊल पडलं. बेसवर आमचं कुणीच नव्हतं. नवी मुलगी लांब उभी होती. चेंडू हातातच राहिला. अंपायरने बॉक दिला आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी चालत होम बेसवर आली. आम्ही एका धावेने हरलो. मी मैदानातच रडायला लागले. हरल्यामुळे रडतेय, असं सगळ्यांना वाटलं.

पुढे एका हिवाळ्यात ती मला कारखान्याच्या रस्त्याला, उसाच्या फडात दिसली. जवळ पोर होतं. हात चिरलेले होते.

"जिंकलो का गं आपन?" तिने पहिलं हेच विचारलं.

"हरलो."

तिने कोयता पदराला पुसला. मग म्हणाली, "मला वाटायचं, जिंकलो आसंल."

मी तिचा मोबाईल नंबर मागितला. मोबाईल नवऱ्याकडे असतो, म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रॉलीत चढली. खाली पोर रडत होतं. मी त्याला उचललं, तर ते जास्तच रडायला लागलं.