काकूंच्या भिंतीवरची फुलं

आमच्या इमारतीत त्यांना सगळे लिफ्टकाका म्हणतात. शहरातल्या कितीतरी जुन्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत, आमचीही. माणूस उंच, खांद्यात थोडा वाकलेला, बोलणं मोजकं. लिफ्ट बंद पडून कुणी आत अडकलं की ते बाहेरून एवढंच म्हणतात, "मी आलोय. खाली बसून घ्या." आणि आतला माणूस खरंच बसून घेतो.

या काकांच्या घरी तैलचित्रं आहेत, आणि झाडून सगळी फुलांची. काळपट पार्श्वभूमी, त्यातून उजळलेली फुलदाणी, तिच्यात गच्च भरलेले गुलाब, लिली, ट्यूलिप, खाली टेबलावर गळून पडलेल्या दोन-चार पाकळ्या. जुन्या काळी बड्या लोकांच्या जेवणघरात लावायचे, तशी. काही कुणा हौशी माणसाने जुन्या चित्रांवरून केलेल्या नकला, काही चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची, दोन-तीन खरोखरच जुनी. काकांच्या दोन खोल्यांच्या घरात ही सगळी कशी आली, ते काकूंनीच मला सांगितलं.

काकू फुलांच्या घरातल्या. मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर त्यांच्या वडिलांचं फुलांचं दुकान होतं. शाळा सुटली की दप्तर टाकून त्या देठ कापायला बसायच्या. लग्नानंतरही त्या आणि त्यांचा भाऊ मिळून दुकान बघत. मग चाळिशीत त्यांना दम्याने गाठलं. आधी नुसत्या शिंका, मग खोकला, आणि एका सकाळी लिलींचं खोकं उघडता उघडता श्वासच अडकला. समोरच दवाखाना होता म्हणून निभावलं. छातीच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, फुलांच्या परागांचा त्रास आहे. दुकान बंद, आणि घरातही फूल नको.

"दुकान सुटलं त्याचं एवढं नाही वाटलं गं," काकू मला म्हणाल्या. "पण घरी टेबल मोकळं दिसायचं. लहानपणापासून टेबल म्हटलं की त्यावर फुलं. मला तिकडे बघवेना. मग मी त्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवायला लागले."

काकांनी ते कपडे पाहिले. पुढे ते एका जुन्या हॉटेलची लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते. हॉटेल नव्याने सजवायचं चाललं होतं आणि जुनं सामान व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. त्यात भिंतीला पाठ लावून एक चित्र उभं होतं. काकांनी मॅनेजरला विचारलं, "हे टाकून देणार?" मॅनेजर म्हणाला, "कुणी उचलून नेलं तर बरंच." काकांनी ते हत्यारांच्या गाडीतल्या घोंगडीत गुंडाळून घरी आणलं आणि कपडे बाजूला करून टेबलावर उभं केलं.

काकू खूप वेळ बघत राहिल्या. मग हसायला लागल्या.

"अहो, ट्यूलिप आणि शेवंती एका फुलदाणीत? एक येतं थंडी संपताना, दुसरं थंडीच्या तोंडावर. हा माणूस काय वर्षभर एकच फुलदाणी भरत बसला होता?"

"बसला असेल," काका म्हणाले. "त्याला कुठल्या डॉक्टरांनी मना केलं नव्हतं."

दुकान सुटल्यावर काकू पहिल्यांदा तेव्हा पोटभर हसल्या. तिथून दोघांना नादच लागला. सुट्टीच्या दिवशी जुन्या सामानाची दुकानं पालथी घालायची, चित्रकला शाळेचं वार्षिक प्रदर्शन चुकवायचं नाही, कुणी घर बदलत असेल तर माळ्यावर काय आहे ते विचारायचं. निवड काकूंची. छापील चित्र त्या लांबूनच ओळखत आणि पुढे जात. पाकळी मेणाची वाटली की नापास. देठ पाण्यात नीट बुडालेला नसला तरी नापास. "दुपारपर्यंत माना टाकतील ही," असं त्या दुकानदारासमोर म्हणत आणि तो बिचारा चित्राकडे नव्याने बघत बसे. टांगायचं काम काकांचं. प्रत्येक चित्राला दोन जाड स्क्रू. एक निसटला तरी दुसरा धरेल. माणसं वर-खाली नेणाऱ्याला दुसरं काही सुचायचंच नाही.

मी लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हा त्यांची मोठी भिंत भरत आली होती. माझी मुलगी झाल्यावर काकूंकडे जाणं वाढलं, कारण माझं माहेर लांब आणि काकूंना मूल-बाळ नाही. काकूंची तब्येत तेव्हा झकास होती. छातीचा पंप कपाटात पडून असायचा.

त्या वर्षी एक जुना क्लब बंद झाला आणि तिथलं एक मोठं चित्र त्यांना मिळालं. तांब्याच्या भांड्यात टपोरी, गुलाबी, पुष्कळ पाकळ्यांची फुलं. कॅनव्हासला मागून बंद खोलीचा वास येत होता, पण काकू त्याच्या प्रेमातच पडल्या. काकांनी ते झोपायच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीवर लावलं, सकाळी डोळे उघडले की समोर दिसेल असं.

महिनाभरात काकूंचा खोकला परत आला.

आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. पंप कपाटातून उशाशी आला. शेवटी दोघं डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी विचारलं, घरात नवीन काय आणलं? काकांनी सांगून टाकलं.

"जुन्या कॅनव्हासमागे धूळ साठते, कधी बुरशीही असते," बाई म्हणाल्या. "त्यानेच होतंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती सगळी चित्रं काही दिवस घराबाहेर ठेवा. मग बघू."

घरी आल्यावर काकांनी बूटही न काढता स्क्रूड्रायव्हर घेतला. काकू सोफ्यावर बसून बघत होत्या. हॉटेलवाल्या चित्रापाशी काका आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हे एक तरी राहू द्या."

"नाही."

"एकाने काय होतंय?"

काकांनी ते चित्र उतरवून हातात धरलं आणि तसेच उभे राहिले. "एक एक करून मीच आणलीत ही," ते म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून आणली, आणि मीच तुला आजारी पाडलं."

चित्रं शेजारपाजारी वाटली गेली. क्लबवालं मोठं गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनखोलीत गेलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी चार घेतली. एक तिसऱ्या मजल्यावरच्या सरांकडे गेलं. सर म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. आमच्याकडे तान्हं मूल, म्हणून काकांनी आम्हाला सगळ्यात नवं, वास न येणारं चित्र दिलं. निळ्या काचेच्या बरणीत पांढरी फुलं, विद्यार्थ्याने काढलेलं. संध्याकाळ झाली की माझी मुलगी रडून घर डोक्यावर घ्यायची. तिला घेऊन मी त्या चित्रासमोर येरझारा घालायला लागले. तिचं रडणं थांबलं असं नाही, पण माझा जीव थोडा थाऱ्यावर यायचा.

काकूंच्या घरात मात्र भिंतीभर नुसते स्क्रू राहिले. जायला नको वाटायचं. काकू हसून म्हणायच्या, "कोट अडकवायला चांगली सोय झालीय," आणि त्या वाक्यालाही त्यांना खोकला यायचा.

असे बरेच दिवस गेले. एकदा काका मला जिन्यात भेटले. मी काकूंची चौकशी केली.

"तसाच आहे खोकला," ते म्हणाले. "उलट जरा जास्तच." पण चेहरा काही वेगळंच सांगत होता. मला कळेना. त्यांनीच मग आवाज खाली आणला. "चित्रं जाऊन इतके दिवस झाले तरी खोकला तसाच. म्हणजे चित्रांचं नसेल ना हे? मला बरं वाटलं, बघ. बायको खोकून बेजार आहे आणि मला बरं वाटतंय. कसला माणूस मी."

"तुम्ही काकूंसाठीच आणली होती, काका," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि वर निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत कुणी नव्हतं. मी मुलीची गाडी घेऊन खाली खोळंबले होते. काका वरून लिफ्टच्या टपावर उतरून काहीतरी खटपट करत होते. खालून त्यांच्या बॅटरीचा उजेड हलताना दिसत होता. मग तो एका जागी थांबला आणि थांबूनच राहिला.

थोड्या वेळाने ते जिन्याने धावत खाली आले. आजवर मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

"तुझा नवरा घरी आहे?"

"आहे. काय झालं?"

"त्याला वर पाठव. सरांनाही सांग. लिफ्ट नंतर."

झालं होतं असं, की लिफ्टच्या बोळातली एक भिंत त्यांना ओली दिसली. वरपासून ओघळ, रंग फुगून आलेला, हात लावला तर पोपडा हातात. त्यांनी मजला मोजला, बाजू बघितली. त्या भिंतीच्या पलीकडे त्यांचीच झोपायची खोली होती. तिथे कपड्यांचं मोठं लाकडी कपाट होतं, घर घेतलं तेव्हा बसवलेलं आणि तेव्हापासून जागचं न हललेलं.

काकूंना बाहेर बसवून काकांनी कपाट रिकामं केलं. मग काका, माझा नवरा आणि सर, तिघांनी मिळून ते ओढलं. सर ओढण्यापेक्षा सूचनाच जास्त देत होते. कपाट हातभर पुढे आलं आणि सगळे मागे सरले. भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळी. कपाटाच्या पाठीवर मांजराच्या अंगावर असते तशी बुरशीची लव. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीच्या आत कधीतरी चिरला होता आणि पाणी गुपचूप झिरपत होतं. क्लबवालं चित्र घरात आलं त्याच सुमाराला ते सुरू झालं असणार.

काका पलंगाच्या कडेवर बसले आणि हसायला लागले. काकू तोंडाला ओढणी लावून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, भिंत काळी ठिक्कर पडलीय आणि तुम्ही हसताय काय?"

"चित्रं नव्हती," काका म्हणाले. "अगं, चित्रं नव्हती ती." आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले.

पुढचं सगळं भराभर झालं. काकू बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे गेल्यावर काही दिवसांतच खोकला ओसरायला लागला. इकडे प्लंबरने पाइप बदलला, गवंड्याने गिलावा विटांपर्यंत खरवडून काढला, भिंत पंखे लावून वाळवली आणि मग नवा गिलावा झाला. कपाट मोडीत गेलं. डॉक्टरबाईंनी काकूंना नळीत फुंकायला लावलं, आकडा बघितला, पुन्हा एकदा फुंकायला लावलं आणि म्हणाल्या, "मशीन बिघडलं नसेल तर तुम्ही मागच्या वर्षापेक्षा बऱ्या आहात." काकांनी भीत भीत चित्रांचं विचारलं. "आणा की," बाई म्हणाल्या. "आधी बाहेर नेऊन मागून कोरड्या ब्रशने झटका. वास येत असेल त्याची पाठ बदलून घ्या." क्लबवालं चित्र फ्रेमवाल्याकडे गेलं आणि नवी पाठ लावून आलं. काकांनी त्याला नाक लावून तीनदा हुंगलं म्हणतात.

चित्रं गोळा करायला काकू स्वतः निघाल्या, मी बरोबर. शिंपीणबाईंनी चारही दिली, पण एका चित्रातल्या फुलदाणीच्या रंगाचं कापड शोधून ठेवलंय म्हणाल्या, तेवढं काकूंनी बघून जावं. सरांकडे जाताना काकू मला हळूच म्हणाल्या, "एकटे असतात. त्यांना जीव लागला असेल तर राहू दे म्हणू."

सरांनी दार उघडलं. चित्र दाराशीच, चादरीत बांधून, वर दोरी मारून तयार होतं.

"या, या. घेऊन जा बाई," ते म्हणाले. "हे घरात आल्यापासून मला चैन नाही. ऊन लागेल म्हणून खिडकी उघडली नाही. वाफ लागेल म्हणून चहा बाहेर जिन्यात बसून प्यालो. परक्याची वस्तू, काही झालं असतं तर तोंड कुठे दाखवलं असतं?"

"अहो सर, सांगायचं तरी," काकू म्हणाल्या.

"तुम्ही आजारी. तुम्हाला काय सांगणार?" त्यांनी लगेच सगळ्या खिडक्या उघडल्या. आम्ही जिना उतरेपर्यंत आम्हाला त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

आमचं मीच काढून दिलं. "जड जातंय ना?" काकूंनी विचारलं. मी हो म्हणाले. "रविवारी माझ्याबरोबर चल. जुन्या सामानाचं एक नवीन दुकान निघालंय. पण घाईने काही घ्यायचं नाही, मी बघितल्याशिवाय तर नाहीच."

त्या दिवशी दुपारी काकांनी सगळी चित्रं परत लावली. काकू मधोमध खुर्ची टाकून हुकूम सोडत होत्या. हे डावीकडे, ते थोडं खाली, नाही, आधीच बरं होतं. काका एकदाही कुरकुरले नाहीत. नव्या भिंतीवर मात्र काही लावायचं नाही, ती वर्षभर उघडी राहू दे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि काकूंनीही वाद घातला नाही. शेवटचं चित्र लागलं. काकांनी ते सरळ आहे ना ते लेव्हलच्या बुडबुड्यावरून पाहिलं, दोन पावलं मागे आले, सोफ्यावर टेकले, आणि काकू काहीतरी विचारताहेत तोवर त्यांना झोप लागली. ड्रिल मांडीवर, चष्मा नाकावर, भर दुपारी.

"इतक्या महिन्यांत असे झोपले नव्हते," काकू म्हणाल्या. त्यांनी ड्रिल अलगद उचलून बाजूला ठेवलं. मग माझ्या मुलीला कडेवर घेतलं, मला खूण केली, आणि आम्ही स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.