नानांचा निळा

रंगारी नाना डब्यातला रंग जसाच्या तसा होडीला कधीच लावत नसत. निळा तर नाहीच. "डब्यातलो निळो कोणाचोच नाय," म्हणायचे. मग खंड्याचं पीस समोर धरून थेंबभर हिरवा, थेंबभर काळा घालत बसायचे. होडीमालक बाबल वैतागायचा, "नानानू, होडी पाण्यात सोडूची आसा, लग्नात नाय."

होडीच्या पुढच्या टोकावर मासा काढायचा असो की कुर्ली, नाना आधी ती जिवंत तळहातावर घेऊन बघायचे आणि परत पाण्यात सोडायचे. "बघल्याशिवाय काढलंय तर ती थाप."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, प्राणिशास्त्र घेऊन. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी लपवत नसे. एकदा ओहोटीला नाना खडकांतून करवंटीत पाणी घेऊन आले. आत अंगठ्याएवढा मळकट पिवळा ऑक्टोपस. नानांनी बोट लावलं आणि त्याच्या अंगभर निळी वर्तुळं पेटली. पुस्तकातल्या चित्राखालची ओळ मला आठवली.

"नानानू, टाका तेका. विषारी आसा."

तोवर तो त्यांच्या मनगटावर होता. "एवढोसो जीव काय करतलो गो? निळो बघ."

चावल्याचं त्यांना कळलंही नाही. दहा मिनिटांत जीभ जड झाली आणि ते बाबलच्या होडीशेजारी वाळूत आडवे झाले. छाती हलेना. कोणीतरी त्यांचे डोळे मिटायला वाकलं. मी ओरडून सांगितलं, मेले नाहीत, विषाने श्वास थांबलाय, तो आपण द्यायचा, तोंडाला तोंड लावून. सगळे माझ्याकडेच बघत राहिले. मी लग्नाची मुलगी. नानांची बायको, आमची काकी, म्हणाली, "बघतंस काय गो? फुंक. कोण बोललो तर माका सांग."

बाबलच्या टेम्पोत, दवाखाना येईपर्यंत मी फुंकत राहिले. मी दमले की काकी फुंकायची. पुढचं यंत्राने केलं. दुसऱ्या दिवशी नानांनी बोट हलवलं, तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडले आणि लागोपाठ दोन कप चहा प्यायले.

त्या विषाने माणूस हलत नाही, पण शुद्धीवर असतो. नाना घरी आले ते सगळं पाठ करूनच. "बाबल्या, मी मरत होतंय आणि तू म्हटलंस, होडी अर्धीच रवली." मग काकीची पाळी. "आणि तू म्हटलंस, माणूस बरो होतो. चाळीस वर्षांत पयल्यांदा."

"मेल्यावर म्हणूचाच लागता," काकी म्हणाली. "आता मागे घेतंय."

नाना त्यानंतर सहा वर्षं जगले आणि झोपेत गेले. मला ते आठवतात ते बाबलची होडी पुरी करताना. टोकावर त्यांनी तोच ऑक्टोपस काढला, मापाला माप, अंगठ्याएवढा.

"इतको बारीक कोणाक दिसतलो?" बाबलने विचारलं.

"जवळ येतलो तेका."

वर्तुळांचा निळा साधण्यात आठ दिवस गेले. मग मला बोलावणं आलं. "तू शिकलेला चेडू. निळो जमलो काय, सांग."

"जमलो, नानानू."

"मगे हात लाव."

रंग सुकलेला होता, खाली साधी फळी. मी हात पुढे केला आणि बोटं आपोआप मागे आली.

नानांनी माझ्या बोटांकडे बघितलं. "जमलो," म्हणाले, आणि ब्रश रॉकेलात बुडवला.