दोन घरांतली अखिला

शिवराज हा आमच्या गल्लीतला सर्वांत निरुपद्रवी माणूस. सहकारी बँकेत कारकून. मध्ये त्याला दुसऱ्या टेबलावर बसवलं, तर जुन्या खुर्चीची उशी काखेत मारून नव्या जागी गेला. पन्नाशी उलटली की माणसं गुडघ्यांचं औषध शोधतात. हा मोबाइलवर व्हिडिओ बघून वेब पानं करायला शिकला.

त्याला त्यात काय गवसलं, ते ओळखायला फार अक्कल नको. ब्राउझरमध्ये पान उघडलं की डब्यात डबे ठेवावेत तशी त्याची मांडणी आत उभी राहते. तिला डॉक्युमेंट म्हणतात. चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली की त्यातला हवा तो डबा काढा, भरा, इकडचा तिकडे ठेवा. बायकोच्या स्वयंपाकघरात पोडीची, म्हणजे कोरड्या चटणीची, बरणी हलवायची ज्याची छाती नाही, त्याला हे राज्य मिळालं! मग काय, बँकेतून आला, फिल्टरची कापी प्यायला, की बसलाच.

या महिन्यात त्याच्या अम्माची, वेंकूबाईची, ऐंशी वर्षं पुरी होणार. पूजा, जेवण, सगळा गोतावळा. त्या दिवशी मंडपातल्या पडद्यावर घराण्याचं पान दाखवायचं, असं शिवराजनं ठरवलं. प्रत्येक घराची एक चौकट, चौकटीत माणसांची नावं, नावावर बोट ठेवलं की फोटो. नावं तमिळ लिपीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून मराठी बोलणारे सगळे, वाचणारी एकटी वेंकूबाई. आणि वर एक खास बटण: ‘लग्न’. ते दाबलं की मुली आपापल्या माहेरच्या चौकटीतून निघून सासरच्या चौकटीत जाऊन बसायच्या. शिवराज स्वतःच्या करामतीवर इतका खूश झाला, की पान पहिल्यांदा पापनाशमला अक्काला पाठवलं.

इथेच तो फसला. वसुमतीअक्का त्याची थोरली बहीण, आणि सासूही. आपल्याकडे बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क. वेंकूबाईनं शब्द टाकला आणि अक्काची एकुलती एक अखिला मामाच्याच गळ्यात पडली. अखिला अजूनही घाईत नवऱ्याला ‘मामा’ म्हणते आणि मग जीभ चावते. लग्नाला अक्का ‘नको’ म्हणाली नव्हती. पण ‘हो’ म्हणतानाचा तिचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांनी तो विषय तिच्यासमोर पुन्हा काढला नाही. आता नवरा गेलेला, पापनाशमच्या घरात ती एकटी.

अक्कानं बटण दाबलं. अखिलाचं नाव तिच्या चौकटीतून सुळकन निघालं आणि भावाच्या चौकटीत जाऊन बसलं. मागे उरली दोन नावं: तिचं आणि नवऱ्याचं. फोन आला तो लगेच.

“शिवा, मी वांझ होते काय रे?”

“अय्यो, अक्का! काय बोलतेस?”

“बघ की तुझ्या पानात. माझं घर रिकामं. एकदा नेलीस ती नेलीस, आता तिथूनही पुसलीस?”

“पुसली नाही गं, ती इकडे आली फक्त.”

“तेच म्हणते मी. ते चारचौघांत पडद्यावर लावणार असशील, तर मी येत नाही. अम्माची आरती दुसऱ्या कुणाला करायला सांग.”

थोरली लेक नाही, तर ऐंशीच्या आरतीत राहिलं काय? अम्माला काय सांगणार?

चूक त्याला सापडली, पण ती चूकही नव्हती, ब्राउझरचा स्वभावच होता. एक नाव एका वेळी एकाच चौकटीत राहतं. तेच नाव दुसरीकडे जोडलं, की पहिल्या जागेवरून ते आपोआप निघतं. काढायला वेगळं सांगावं लागत नाही. परक्या घरात दिलेली मुलगी असती, तर कुणाच्या डोळ्यांत खुपलंही नसतं. पण अखिला वेंकूबाईची नातही आणि सूनही. तिला दोन्हीकडे बसवायचं कसं?

नक्कल करायची सोय होती. त्यानं अखिलाच्या नावाची नक्कल काढली, ती अक्काच्या चौकटीत ठेवली आणि पान पुन्हा पाठवलं.

पुन्हा फोन. या वेळी आवाज हळू होता, म्हणजे जास्त वाईट.

“शिवा, तुझ्या घरातल्या अखिलावर बोट ठेवलं तर फोटो येतो. माझ्या घरातली नुसतीच बसते. मुकी.”

नावाची नक्कल होते, पण त्या नावाला स्क्रिप्टनं शिकवलेलं ऐकणं नकलेबरोबर येत नाही. बोट लागलं तरी तिला पत्ता नाही. शिवराज डोकं धरून बसला.

समोर वेंकूबाई आपल्या खुर्चीत वाती वळत होती. दारात भाजीवाली ओरडली, वेंकूबाईनं विचारलं, “कोण गं ते?” आत अखिलाच्या हातून भांडं पडलं, वेंकूबाई म्हणाली, “काय गं पडलं?” या घरात कुठेही खुट्ट झालं, तरी ते शेवटी त्या खुर्चीपर्यंत पोचतंच. शिवराज बघतच राहिला. पानातही तसंच असतं की! नावावर बोट लागलं, की ती हाक चौकटीत जाते, तिथून बाहेरच्या चौकटीत, पार सगळ्यात मोठ्या चौकटीपर्यंत. मग एकेका नावाला ऐकायला कशाला शिकवायचं? ऐकायचं काम त्यानं सगळ्यात बाहेरच्या चौकटीला दिलं, जिच्यावर वेंकूबाईचं नाव होतं. कुठल्याही घरातल्या अखिलाला हाक मारा, फोटो येणार.

उरला एकच प्रश्न. दोघींतली मूळ कुठली आणि नक्कल कुठली? पडद्यावर कुणाला कळणार नव्हतं. पण शिवराजला कळत होतं. त्यानं दोन्ही चौकटींकडे पाहिलं, मग मूळ नाव अक्काच्या चौकटीतून हलवलंच नाही. आपल्या चौकटीत नक्कल घेतली, आणि अक्काला फोन लावला.

“अक्का, खरी तुझ्याकडेच आहे. माझ्याकडची नक्कल.”

पलीकडे कापीचा डबरा-पेला ठेवल्याचा आवाज आला.

“बघते,” अक्का म्हणाली. येते म्हणाली नाही.

पण समारंभाच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं उतरली, नऊवारी नेसून, हातात स्वतः लावलेल्या झाडांच्या फुलांची परडी. आरती तिनंच केली. मग पडद्यावर पान लागलं. ती पुढे गेली, शिवराजच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि आपल्या घरातल्या अखिलावर बोट ठेवलं. पडद्यावर अखिला उघडली, दोन वेण्यांची, शाळेतली. अक्कानं तो फोटो बराच वेळ मिटू दिला नाही.

“खरी ही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “याच्याकडे झेरॉक्स नांदते.”

मंडप हसला. अखिला मागून जेवणाची पानं वाढत आली.

“मग खरी चार दिवस पापनाशमला जाईल म्हणते. तुम्हांला कापी झेरॉक्स देईल, मामा.”

या वेळी तिनं जीभ चावली नाही.