धाकट्याचं राज्य

ती चिठ्ठी मी टाकली होती. अठरा वर्षांपूर्वी, ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावात, मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षपदासाठी माझ्या धाकट्या दिराचं नाव लिहिलं आणि ती घडी स्टीलच्या डब्यात सरकवली. साठीला टेकलेली बाई मी, दोन मुलांची लग्नं लावलेली; पण अक्कल शाळेत पुढच्या मुलीची वेणी बाकाला बांधणाऱ्या पोरीइतकी. कारण एवढंच, की त्या सकाळी आमचे हे आरशासमोर उभे राहून अध्यक्षपद स्वीकारल्याचं भाषण घोकत होते. मी म्हटलं, "अहो, आधी निवडून तरी या." तर म्हणाले, "माझ्यासमोर उभं कोण राहणार आहे? तू तिळगुळाचं बघ." तिळगुळाचं बघितलं, आणि जाता जाता यांचंही बघितलं. पाच मिनिटं यांना घाम फुटावा, मग श्रीपादभाऊजींनी हसत नाव मागे घ्यावं... माझी दूरदृष्टी तिथवरच. मंडळाचे सचिव हेच, त्यामुळे चिठ्ठ्या उघडून वाचायचं कामही यांचंच. भावाचं नाव वाचताना ते जरा थांबले, आणि मी पदराआड हसले. भाऊजी तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये गाडीतून कॉफीचा मोठा थर्मास काढत होते. तो घेऊन ते आत आले, तोवर त्यांच्या नावाला मतांचे हात वर झाले होते. यांच्या भाषणांना कंटाळलेली माणसं माझ्या हिशेबापेक्षा फारच जास्त निघाली.

हे उठले, कोट घेतला आणि म्हणाले, "थोरल्याला एका शब्दानं विचारायचंस, श्रीपाद." भाऊजींनी थर्मास खाली ठेवला आणि सभाभर नजर फिरवली. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली. माझा चेहरा कधीच काही लपवू शकलेला नाही. त्यांना कळलं. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, चिठ्ठी मीच टाकली. चेष्टा केली रे. नाव मागे घेतो." तोवर हे दाराबाहेर गेले होते, आणि मी तिळगुळाचं ताट हातात धरून तशीच उभी. वर्षभरात आमच्या एवढ्याशा गावात दोन मंडळं झाली, दोन मैलांच्या अंतरावर दोन गणपती बसायला लागले. एकदा इंडियन ग्रोसरीत दोघे भाऊ तूरडाळीच्या रांगेत समोरासमोर आले. आमचे हे भरलेली ट्रॉली तिथेच सोडून बाहेर पडले, आणि आठवडाभर आम्ही मसुरीवर काढला.

श्रीपादभाऊजी गेल्या महिन्यात गेले. सकाळी मी कणीक मळत होते आणि त्यांच्या मीराचा फोन आला. "काकू... बाबा गेले. ही वॉज जस्ट स्लीपिंग. आय वॉज राइट देअर." माझ्या तोंडून निघालं काय, तर "काही खाल्लंस का ग?"

इन्शुरन्स कंपनीत आयुष्यभर कॉम्प्युटर सांभाळलेला हा माणूस रिटायर झाल्यावर जुनी लिपी शिकला. बेसमेंटमध्ये ताम्रपटांचे फोटो पसरून बसायचा. वेड कशाचं, तर तिसऱ्या गोविंदाचं. हा राष्ट्रकूट राजा, वेरूळचं कैलास लेणं कोरवणाऱ्या कृष्णाचा नातू. दर मंगळवारी हे पोहायला गेले की भाऊजींचा मला फोन यायचा. खुशाली दोन मिनिटं, गोविंद चाळीस मिनिटं. "वहिनी, घराणं ऐका. बाप ध्रुव. त्यानं स्वतः थोरल्या भावाला हटवून गादी घेतली. पुढे आपला थोरला मुलगा स्तंभ बाजूला ठेवला आणि राज्य दिलं धाकट्याला, गोविंदाला. त्यात गोविंदाचा काय दोष?" मी म्हणायचे, "कुणीतरी चिठ्ठी टाकली असेल." पलीकडून खळखळून हसणं. विनोद करायची माझी खोड काही जायची नाही.

स्तंभानं बारा राजे जमवून बंड केलं. धाकट्यानं थोरल्याला हरवलं आणि मग गंगवाडीचा प्रांत पुन्हा त्याच्याच हाती दिला. भाऊजी गोविंदावर लिहीत होते ते पुस्तक या जागी येऊन अडलं होतं. एका मंगळवारी म्हणाले, "जिंकला त्याचं कौतुक सगळं कोरलंय हो. पण प्रांत परत घेताना थोरला काय बोलला, ते मला कुठे सापडत नाही."

"काय बोलणार? 'चहा टाक' म्हणाला असेल."

"आमचा दादा म्हणेल?"

मी म्हटलं, "भाऊजी, सांगूनच टाकते यांना." तर म्हणाले, "नको. माझं काय, मी माझ्या घरी सुखात आहे. तुम्हाला एका छपराखाली राहायचंय." मला ते किती सोयीचं वाटलं म्हणून सांगू! सुटले, असंच वाटलं. एरवी चारचौघांत पटकन तोंड उघडणारी मी, हे एक वाक्य मात्र यांच्या पुढ्यात कधी ठेवू शकले नाही.

मग त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हातात फार दिवस दिलेच नाहीत. शेवटचं भेटले तेव्हा पलंग दिवाणखान्यात आणला होता. भाऊजी इतके बारीक झाले होते, की नुसतं पांघरूणच दिसत होतं. मीरानं बर्फाचा चुरा चमच्यानं भरवला. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी डोळे उघडून माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी एकटीच होते. "दादा बरा आहे?" म्हणाले. "बरे आहेत. आज सांगते त्यांना, उद्या घेऊनच येते." त्यांनी नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

घरी आले तर हे ज्ञानेश्वरी उघडून बसले होते. मी समोर बसले, पुन्हा उठले, पाणी प्यायले. यांनी विचारलं, "कसा आहे?" अठरा वर्षांत पहिल्यांदा भावाची चौकशी केली होती. तेव्हाच बोलायचं! पण मी म्हणाले, "झोपले होते." दुसऱ्या दिवशी बर्फ पडला, रस्ते बंद. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच बूट घालून दाराशी गेले, उभे राहिले, आणि बूट काढून आत आले. चौथ्या दिवशी कणीक, आणि मीराचा फोन.

फ्युनरल होममध्ये हे शेवटच्या रांगेत बसले. दोन्ही मंडळांची माणसं आली होती, मधली वाट सोडून दोन्हीकडे बसली होती. मीरा वडिलांबद्दल इंग्रजीत बोलली. बाबांचा एक राजा होता, तो भावावर रागावायचाच नाही, असं म्हणाली. तेव्हा यांनी खिशातून रुमाल काढला आणि घडी न मोडता परत ठेवला.

तेराव्याला आम्ही त्यांच्याकडे जेवून घरी आलो. कोट काढायच्या आधी, दारातच, मी सांगून टाकलं. चिठ्ठी माझी, श्रीपादभाऊजींना काही माहीत नव्हतं, त्यांनी माझ्यासाठी आळ घेतला... रडत नव्हते, धापा टाकत होते. वाटलं, आता हे ओरडतील, मला बाहेर काढतील. मला तेच हवं होतं. हे भिंतीला हात टेकून बुटांच्या बाकावर बसले. बराच वेळ नाडीची गाठ सोडवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तुझं अक्षर मला कळत नाही का? चिठ्ठी उघडली तेव्हाच ओळखलं. पण तुझ्याशी अबोला धरून मी राहिलो कुठे असतो? म्हणून त्याच्याशी धरला. वाटलं, धाकटा आहे, सोसेल."