पखवाजाची डावी बाजू

माझा धाकटा भाऊ आमच्या गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. पिंगळी स्टेशनापासून आमच्यापर्यंत चार-सहा गावं लागतात, त्या सगळ्या गावांत सप्ता असला की त्याला बोलावणं यायचं. एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि तो गेला. लग्न झालेलं नव्हतं. मागं राहिला तो खुंटीवरचा पखवाज आणि एक कॅसेट.

ती कॅसेट पाथरीची. तिथं माझ्या मेव्हण्याकडं उन्हाळ्यात भजन ठेवलं होतं, भाऊ एकटाच गेला होता. मेव्हण्यानं त्याच्या छोट्या टेपवर ते भरून घेतलं. तेव्हा कोणाला ठाऊक होतं? दहाव्याला आला तेव्हा त्यानं ती रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली.

मी चौथी नापास माणूस. पण वखर, मोट, इंजिन, जे हातात आलं ते मी खोलून बघितलं आणि पुन्हा जोडलं. कोणाच्या दारात दुरुस्तीला गेलो नाही. तेव्हा मायनं जे म्हटलं ते मला लागलं.

मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दिसायचं नाही. कान मात्र शाबूत. मेव्हण्याच्याच टेपवर आम्ही तिला ती कॅसेट लावून दिली. ऐकली आणि म्हणाली, "उजवा हात हाय. डावा कुठं हाय?"

"वाजायलाय की माय."

"न्हाई. टिकटिक वाजायलीय. माझ्या बारक्याचा डावा ह्यात न्हाई."

तिच्या म्हणण्यात खोट नव्हती. पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते, तिथं बोटं नाचतात. डाव्या तोंडावर वाजवायच्या आधी मळलेली कणीक थापतात. ओल्या कणकेनं चामडं जड होतं आणि मग तळहात पडला की पोटात घुमल्यासारखा आवाज येतो. आमच्या घरी ती कणीक मायच मळायची. भजनाला बायकांच्या बाजूला बसायची, मांडीवर पितळी वाटी. दोन अभंग झाले की तिला बसल्या जागी कळायचं, कणीक सुकायला लागली. मग ताजा गोळा पुढं सरकवायची. भाऊ तिच्याकडं न बघताच हात मागं करायचा. माणसं हसायची, म्हणायची, पखवाज माय-लेक मिळून वाजवतेत.

त्या हिवाळ्यात मायचं जेवण तुटलं. भाकरी कुस्करून ठेवायची आणि तशीच झाकायची. आणि एकच बोलणं, "एकदा त्याचा डावा ऐकू दे, मग मी मोकळी." ते ऐकून माझं डोकं फिरायचं. मोकळी कशाची? पण मी ठरवलं, ऐकवीन.

कापूस विकला आणि परभणीहून डेक आणला. एक मशीन, लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर, गठ्ठाभर वायर. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल तेव्हा लागायचा होता, पारावर सगळे त्याच्यावरच बोलायचे. मी डेक डोक्यावर घेऊन पारासमोरून निघालो तसा तो विषय थांबला.

चुलत भाऊ ओरडला, "आरं, बायको नवी करायलास का काय? वाजंत्री आधी आणलीस!"

"तुझ्या तेराव्याला आणली," मी म्हणालो. तो हसला. हसणारा माणूस होता तो.

खोकी मी भिंतीतल्या दोन देवळ्यांत बसवली, समोरासमोर, उंचावर. वायर कमी पडली, मग मांडवाला वापरतात ती पांढरी वायर मधी जोडली. सगळं माझ्या हातानं. मायला खाटेवर बसवलं आणि कॅसेट लावली. आवाज मोठा झाला, टाळ कानात शिरले, गाणाऱ्याचा गळा सुटला. डावा हात नाही तो नाहीच.

माय खाटेवर नुसती आडवी झाली.

मशीनवर जड आवाजाचं बटण होतं ते मी शेवटपर्यंत पिरगळलं. नुसती घरघर वाढली. टेपच्या तोंडाला स्पिरिटचा बोळा फिरवला. खोकी देवळीतून काढून खाली जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्याला टेकवून ठेवली. तसं केल्यानं थोडा फरक पडला, कोपरा आवाज धरतो. पण थोडाच. परभणीला कामानं गेलो तेव्हा डेक विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, कॅसेटच खराब भरलीय, टाकून द्या." मी दुकानातून उठलो. माझ्या भावाला टाकून द्या म्हणतो! परत त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

मग मी रांजण घेतला. आमच्या भागात कोणी कोणी स्पीकर खोक्यातून काढून मडक्याच्या तोंडावर बसवायचे, त्यानं आवाज घुमतो. मी म्हटलं, मडकं कशाला, रांजणच घ्या. पाणी ओतून दिलं, रांजण वाळवला आणि एक स्पीकर त्याच्या तोंडावर पालथा बांधला.

बायको घागर घेऊन उभी. "आवं, पाणी कुठं भरू? त्या खोक्यात?"

"भर डोक्यावर माझ्या."

"तिथं जागा हाय म्हणा भरपूर."

कॅसेट लावली. काय घुमला! भांडी थरथरली. गाणारा घुमला, टाळ घुमले, खोकणारा माणूस घुमला. मला वाटलं, झालं. मायकडं बघितलं तर ती मान हलवत होती.

"रांजण बोलायलाय," म्हणाली. "माझं लेकरू न्हाई."

मी बाहेर येऊन ओसरीवर बसलो. राग कोणावर काढावा कळंना. बायको मागून आली, हळू बोलली, "आवं, पुरं करा आता. म्हातारीला किती दिवस असं आशेला लावून ठेवता?" मी उठून गाईपुढं वैरण टाकायला गेलो. तिचं चुकत नव्हतं, तेच जास्त लागलं.

रांजण परत पाण्याला द्यायचा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकर सोडवला, खोक्यात घातला आणि बघावं म्हणून कॅसेट चालू केली. ओढाताणीत दुसऱ्या खोक्याची वायर निसटलेली होती. एकच खोकं वाजत होतं. आणि त्या एकट्या खोक्यातून आवाज भरलेला येत होता! वायर लावली, आवाज पुन्हा पातळ. काढली, भरला. दोन असताना कमी आणि एक असताना जास्त, हे कसं? अर्धा माणूस पुऱ्या माणसापेक्षा जास्त भाकरी खायला लागला तर जसं वाटावं तसं मला वाटलं.

बॅटरीतला सेल काढला. एका स्पीकरच्या वायरीची मशीनकडची टोकं सेलाला टेकवली, स्पीकरचा कागद पुढं आला. दुसऱ्याची टोकं तशीच धरून टेकवली, त्याचा कागद आत गेला. मग डोक्यात उजेड पडला. एक स्पीकर हवा पुढं ढकलत होता, त्याच वेळी दुसरा मागं ओढत होता. जुवाला दोन बैल, एक पुढं चाललाय, एक मागं. गाडी हलंल कशी? बारीक आवाज निसटून जातो, जड आवाज तेवढा मधल्या मधी मरतो. मांडवाच्या वायरीचे दोन्ही पदर पांढरे, ते जोडताना उलटे बसले होते. आता, सारख्या रंगाचे पदर कोणीही तसेच जोडले असते. मी ते उलटे करून जोडले आणि मायला हाताला धरून आणलं.

पहिल्या अभंगाला डावा हात पडला. भिंतीतून नाही, रांजणातून नाही, चामड्यातून आलेला आवाज. मायचा हात माझ्या मनगटावर होता तो घट्ट झाला.

"आला," ती म्हणाली. "हा त्याचाच हात हाय."

बायको चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडाला. मी छाती काढून बसलो होतो, खोटं कशाला सांगू. दुसरा अभंग झाला. तिसऱ्याला माय सरळ होऊन बसली. कान खोक्याकडं. डावा आवाज हळूहळू वर चढायला लागला होता. पोकळ व्हायला लागला होता.

मी घाईनं उठलो. "थांब माय, वायर ढिली झाली असंल. बघतो मी."

"बस खाली. तुझ्या मशिनीला काई झालं न्हाई." मग म्हणाली, "कणीक सुकलीय त्याची. पाथरीचं ऊन. तिथं त्याला गोळा द्यायला मी न्हवते."

कॅसेट चालू होती. त्यात एका जागी भजन क्षणभर अडखळतं. ते मी कितीदा ऐकलं होतं, मला वाटायचं टेप घसरतो. मायनं ते ऐकलं आणि म्हणाली, "हात मागं केला त्यानं."

ह्यावर मी काय दुरुस्त करणार होतो?

तिनं बायकोला कणीक मागितली. स्वतः मळली, आंधळ्या हातानं, पाण्याचा एक थेंब जास्त नाही. मला खुंटीवरचा पखवाज काढायला लावला. डावं तोंड चाचपून बरोबर मधोमध तिनं कणीक थापली, बोटानं कडा दाबल्या. पखवाज खोक्यासमोर ठेवायला सांगितला. "आता पहिल्यापासून लाव."

लावली. पखवाजाला कोणी हात लावलेला नव्हता. मायनं आपला तळवा त्या चामड्यावर नुसता टेकवला. खोक्यातून भावाचा डावा हात पडला की पखवाजाचं चामडं आपोआप कापायचं. ते मी हात लावून बघितलं, तेव्हा खरं वाटलं. तिचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं ते मला लिहिता येत नाही.

"वाजवायलाय," ती म्हणाली.

कॅसेटची बाजू संपली, खट्ट झालं. तिचा हात तिथंच.

"संपलं का रं?"

"संपलं माय."

"मग काढ कणीक. सुकली की चामडं चिरतं."

मी चमच्यानं हळूहळू कणीक खरवडली. तिच्यात मायच्या बोटांचे ठसे होते. मी ती हातात धरून उभा राहिलो, कुठं ठेवावी सुचंना.

"गाईला घाल," माय म्हणाली. "आणि मला भाकर दे थोडी."

त्या दिवशी ती जेवली. पुन्हा तिनं कॅसेट लाव म्हटलं नाही, आणि ज्वारीची कणसं खळ्यात यायच्या आत ती गेली.

डेक नंतर पोरांनी नेला. पखवाज अजून माझ्या खुंटीवर आहे. दिवाळीला त्याच्यावरची धूळ मी स्वतः पुसतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. डावं तोंड कुठं चिरलेलं नाही.