फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था

त्या मेंढपाळाची बायको वारल्याचं मला माहीत नव्हतं, असं मी जवळपास वर्षभर सांगत आलो. घरी सांगितलं, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगितलं, एकदोनदा तर कुणी विचारलं नसतानाही सांगितलं. ते खोटं होतं. मला माहीत होतं. तिच्या दहाव्याला मी स्वतः गेलो होतो. आणि तरीही भर बाजाराच्या दिवशी, माणसांनी भरलेल्या माझ्या हॉटेलात, मी त्याच्या कुत्रीवरून त्याची थट्टा केली.

माझं हॉटेल वडवणीच्या रस्त्याला आहे. सकाळी भजी आणि चहा, दुपारी पिठलं, शेवभाजी, ठेचा आणि ज्वारीची भाकरी. भाकऱ्या माझी बायको थापते, बाकीचं आचारी बघतो. पुढं मोठी खोली, तिथं बाकडी. मागं प्लायवूडची भिंत घालून थोडी टेबलं ठेवलीत, तिथं कूलर आहे आणि दाराला हिरवा पडदा. बाहेरच्या पाटीवर तांबड्या रंगात लिहिलंय, ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’.

फॅमिली या शब्दाचे आमच्याकडं दोन अर्थ होतात. बायकापोरं घेऊन आलेलं कुटुंब ही फॅमिली, आणि नुसती बायको हीदेखील फॅमिलीच. ‘फॅमिली माहेरी गेलीय’ असं माणूस सहज बोलून जातो. एकट्या पुरुषानं पडद्यामागं बसायचं नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. बाजाराला आलेल्या बाया त्यामुळंच माझ्याकडं निवांत जेवतात, आणि त्या नियमाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

हा मेंढपाळ आणि त्याची बायको दर बाजाराला यायची. शेळ्या-मेंढ्या विकायला आणलेल्या असोत वा नसोत, जेवायला माझ्याकडं. सगळ्यात मागचं, परसदाराजवळचं टेबल त्यांचं ठरलेलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून बसायची. त्यांची कुत्री बाहेर, उंबऱ्यापलीकडं. तांबूस रंगाची, अंगानं बारीक, गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. रानात मुक्काम पडला की लांडगा पहिला कुत्र्याच्या नरड्याला धरतो, म्हणून तो पट्टा. बाई भाकरी आली की आधी कुत्रीला उंबऱ्यावरून तुकडा द्यायची आणि मग स्वतः जेवायला लागायची. कुत्रीनं उंबरा कधी ओलांडला नाही. कुत्रं हॉटेलात यावं की येऊ नये, हा प्रश्न तोवर माझ्यापुढं आलाच नव्हता. गावची कुत्री हॉटेलाभोवती असतातच. आत कुणी डोकावलं तर आचारी ‘हाड’ म्हणतो आणि विषय संपतो.

ती बाई थोड्याच दिवसांच्या आजारात गेली. मला निरोप त्यांच्या वस्तीवरून दूध घेऊन येणाऱ्या बाईकडून मिळाला. दहाव्याच्या दिवशी मी भाजीपाला आणायला पहाटे निघालो होतो, तसाच परस्पर नदीवर गेलो. माणसांच्या मागं उभा राहिलो, हात जोडले आणि परत आलो. घरी बोललो नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही, फक्त सांगायचं राहिलं. पुढं त्या न सांगण्याचा मी फायदा घेतला.

त्यानंतरच्या कुठल्यातरी बाजाराला तो आला. सवयीनं पडदा सारून मागं गेला आणि आपल्या खुर्चीवर बसला. कुत्री त्याच्या मागोमाग आत आली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीखाली जाऊन पडली. शेजारच्या टेबलावर एक शिक्षक बायको आणि दोन मुलींसह जेवत होते. धाकट्या मुलीनं पाय वर घेतले आणि रडायला लागली. शिक्षक गल्ल्यापाशी आले.

“आता कुत्रीबी बसवता का आत?” ते म्हणाले. त्यांची तक्रार रास्त होती.

इथपर्यंत माझ्याकडं काही दोष येत नाही. मी उठून मागं गेलो असतो, “मामा, पोरगी भ्यालीय, चला बाहेर लिंबाखाली बसू” असं म्हणालो असतो, तर तो मुकाट्यानं उठला असता. पण पुढची खोली भरलेली होती. रस्त्याच्या कामाचा एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, त्याच्या माणसांसह बसला होता. माझं रोजचं गिऱ्हाईक, बोलका माणूस. तो हसला की सगळं हॉटेल हसायचं. त्याला हसवायला मला आवडायचं, हे मी इथं लिहून टाकतो. मी गल्ल्यावरून उठलो नाही. बसल्या जागेवरून पडद्याकडं तोंड करून ओरडलो.

“मामा, तिकडं फॅमिलीसाठी असतंय. एकट्या माणसानं इकडं पुढं बसायचं.”

आतून आवाज आला, “एकटा न्हाई मालक.”

त्याला काय म्हणायचं होतं ते मला आजही नक्की सांगता येत नाही. कुत्री सोबत आहे, एवढंच असेल. किंवा इतक्या वर्षांची जिभेची सवय असेल. मी म्हणालो, “मग ही का आता तुमची फॅमिली?”

गुत्तेदारानं चहाचा कप खाली ठेवला. “का हो मालक,” तो मला म्हणाला, “मामानं दुसरी केली अन् आमाला बुंदीबी न्हाई चारली?”

त्याच्यासोबतचा एकजण म्हणाला, “पदर घ्यायला सांगा तिला. मोठी माणसं बसलीत.”

खोली हसली. मीही हसलो.

तो पडदा सारून बाहेर आला, मागं कुत्री. कुणाकडं रागानं बघितलं नाही. माझ्यासमोरून जाताना “येतो मालक” म्हणाला आणि गेला. मी मागं जाऊन पाहिलं तर वाढप्यानं ठेवलेलं ताट तसंच होतं. शिक्षकाची बायको माझ्याकडं बघत होती. तिनं नजर काढून घेतली आणि मुलीच्या ताटात भात वाढला.

दुपारची गर्दी ओसरल्यावर माझी बायको चुलीपुढून उठून आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

“अहो, त्यांची बायको गेली म्हणत होती ना दूधवाली?”

“गेली का?” मी म्हणालो. “मला काय माहीत?”

हे पहिलं खोटं. मग ते टिकवायला मी कामाला लागलो. रंगाऱ्याला बोलावून दारावर नवी पाटी रंगवून घेतली, ‘कुत्र्यांना आत आणू नये’. पाटी लागली की सारं भांडण कुत्र्याचं ठरत होतं आणि मी त्यातून सुटत होतो. रंगारी ब्रश पुसत म्हणाला, “मालक, तुमच्याकडची कुत्री शिकलेली हायत वाटतं.” मी त्यावर हसलो नाही.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही हॉटेलात आला नाही. मग वाढप्याकडून कळलं की बाजारात त्याला नाव पडलंय. गुत्तेदाराच्या माणसांनी ते शेळ्यांच्या बाजारात नेलं होतं. “काय फॅमिली, आज एकलेच?” “फॅमिली कुठं ठिवली, माहेरी का?” सुरुवातीला त्यानं कुत्री वस्तीवर बांधून यायला सुरुवात केली. तरी नाव सुटेना. उलट, कुत्री दिसली नाही की जास्त विचारायचे. शेवटी त्यानं वडवणीचा बाजारच सोडला. जनावरं टेम्पोत घालून तो नांदूरघाटच्या बाजाराला जायला लागला. तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं ज्या बाजारात या माणसाच्या शब्दावर शेळी विकली जायची, तो बाजार माझ्या एका वाक्यानं त्याला बंद झाला होता.

हे कळल्यावर मी लगेच त्याच्याकडं गेलो असं नाही. मी वाढप्याला म्हणालो, “मला खरंच माहीत नव्हतं रे.” तो म्हणाला, “कसं माहीत असणार मालक तुमाला?” मला बरं वाटलं, आणि मी कामाला लागलो.

उन्हाळ्यात पुण्याची एक गाडी थांबली. तरुण नवराबायको आणि एक मोठं, सोनेरी केसांचं कुत्रं. बाईनं पाटी वाचली आणि गल्ल्यापाशी आली. “काका, गाडीत ठेवलं तर उन्हानं मरेल तो. खूप शांत आहे. आमचा फॅमिली मेंबरच आहे.”

“या की,” मी म्हणालो. “मागं बसा, कूलर आहे.” पडदा मीच सारला.

वाढप्यानं स्टीलच्या वाटीत पाणी नेलं. गुत्तेदार खास उठून बघायला आला. हे काय खातं, किती खातं, मराठी कळतं का, अशा चौकशा केल्या आणि त्याच्याशेजारी उकिडवं बसून फोटो काढून घेतला. शब्द तोच होता. त्या बाईनं तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारला होता. हसलं कुणीच नाही.

गाडी गेल्यावर माझी बायको भाकरीचं पीठ हातावरून झाडत म्हणाली, “पाटी ठेवायची का काढायची, ते एकदा ठरवा.”

त्या प्रश्नाचा मी प्रामाणिकपणे विचार केला. काही मुलं कुत्र्याला भितात, ती भीती खोटी नसते. केस उडतात. काही माणसांना जेवताना कुत्रं जवळ चालत नाही आणि त्यांनीही माझ्याकडं जेवावं असं मला वाटतं. दुसऱ्या बाजूला, ज्याच्यासोबत कुत्रं आहे त्यानं त्याला उन्हात सोडून आत बसावं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मी बाहेर लिंबाखाली पत्र्याची सावली केली, तिथं टेबल टाकलं, पाण्याचं घमेलं ठेवलं. कुत्रं सोबत असेल तर जेवण तिथं, गाडीतून आलेला असो की मेंढरांमागून. काही गाडीवाले चिडून निघून जातात. जाऊ द्यावं लागतं. दारावरच्या पाटीत ‘व्यवस्था लिंबाखाली’ एवढं वाढवलं. हे सगळं ठरवायला एक दुपार पुरली. अवघड हे नव्हतंच.

अवघड होतं ते नांदूरघाटाकडं जाणं. तिथला बाजार भरला त्या दिवशी हॉटेल बायकोवर सोपवून मी गेलो. तिनं कुठं निघालात ते विचारलं नाही. शेळ्यांच्या गर्दीत तो सापडला. डोक्याला पटका, हातात दोरी, पायाशी कुत्री. आजूबाजूला दोन-तीन माणसं एका बोकडाचे दात बघत होती. मी बाजूला बोलावलं तर तो म्हणाला, “हितंच बोला, बोकड सोडून येता येत न्हाई.”

मी वाटेत जुळवलेलं बोलायला लागलो. “मामा, त्या दिवशी मी बोललो ते... मला माहीत नव्हतं हो, मामी गेल्याचं.”

त्यानं बोकडाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

“तुमी आल्ता की दहाव्याला,” तो म्हणाला. “चपला काढून मागं हुबं व्हतात. मी बघितलं व्हतं. लांबून आलात म्हणून बरं वाटलं व्हतं.”

म्हणजे मी माहीत असून तसं बोललो, हे त्याला त्या दिवसापासूनच ठाऊक होतं. गिऱ्हाइकातल्या एकानं विचारलं, “कोण हो हे?” “वडवणीचे हाटेलवाले मालक,” तो म्हणाला. “वळखीचे हायत.” बाकी काही सांगितलं नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि म्हणालो, “मामा, चुकलं माझं.”

“हितं बोलून काय उपेग?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “हितं मला कुणी काय म्हणत न्हाई. हसली ती माणसं तिकडची हायत. नाव पडलंय ते तिकडं पडलंय.”

“मग तिकडं बोलतो. येत्या बाजाराला या.”

“बघू,” तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

घरी येऊन मी बायकोला दहाव्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “मला वाटलंच होतं,” म्हणाली. “दूधवालीनं मला सांगायच्या आधी तुमच्या कानावर घातलं असणार. गल्ल्यावर तुम्हीच असता.” एवढंच.

बाजाराच्या दिवशी तो आला. आत आला नाही, कुत्रीला घेऊन लिंबाखाली बसला. आतून कुणीतरी ओळखलं आणि “अरे, फॅमिली आली” असं म्हणालं. गुत्तेदार हसण्याच्या तयारीत माझ्याकडं बघायला लागला. मी गल्ल्यावरून उठलो आणि दारात उभा राहिलो. तिथून आतल्यांनाही ऐकू जात होतं आणि बाहेर त्यालाही.

“जरा ऐका,” मी म्हणालो. “या मामांना जे नाव पडलंय ते माझ्यामुळं पडलंय. त्यांची बायको नुकती वारली होती. मी तिच्या दहाव्याला जाऊन आलो होतो. मला माहीत होतं. माहीत असून, तुम्ही हसावं म्हणून मी तसं बोललो, आणि वर माहीत नव्हतं म्हणून सगळ्यांना खोटं सांगितलं. यापुढं त्या नावानं यांना कुणी हाक मारू नका.” मग मी लिंबाकडं वळलो. “मामा, मामीवरून बोललो. तुमचा बाजार सुटला माझ्यामुळं. मला माफ करा.”