पूर्वेकडची रांग

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. बाकी सगळे त्याला नरसाळे म्हणत. नव्या माणसाला ते आडनाव वाटायचं. तसं काही नव्हतं. जंगलात झाडांखाली खांबांवर नरसाळी बसवलेली होती, प्रत्येकाखाली एक बाटली. पानांवरून ठिबकलेलं पावसाचं पाणी त्या बाटल्यांत धरायचं आणि संशोधन केंद्रात नेऊन द्यायचं, एवढंच काम त्याने उभं आयुष्य केलं.

पण केलं ते डोळ्यांत तेल घालून. स्वच्छतेचं त्याला वेडच होतं. त्याने धुतलेला कप बायको पुन्हा धुवायची नाही, यात काय ते आलं. नरसाळ्याला आतून बोट लावायचं नाही, बाटली फक्त शुद्ध पाण्यानेच विसळायची, आणि पाण्यात पक्ष्याची घाण पडली असेल तर ते ओतून देऊन ‘पक्षी’ असा शेरा मारायचा, हे नियम त्याने नोकरीला लागतानाच घोकले होते. साहेब बदलले, त्याचे नियम बदलले नाहीत.

पूर्वेकडची रांग तेवढी त्याचा जीव खायची. ती रस्त्याच्या कडेला होती, आणि रस्त्यापलीकडे त्याच्या लेकीची पोल्ट्री. त्या रांगेतलं पाणी सदा हिरवट, वासाचं. “मेल्यांना नेमकी हीच जागा सापडते,” असं पक्ष्यांना उद्देशून पुटपुटत तो पाणी ओतायचा आणि नरसाळी घासून लख्ख करायचा. मग रस्ता ओलांडून लेकीकडे चहाला जायचा.

जंगल बदलत होतं ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. खोडांवरचं दगडफूल नाहीसं झालं. पावसानंतर वर येणारी अळंबी दिसेनाशी झाली. गवत मात्र कमरेएवढं माजलं, काटेरी वेलींतून वाट काढताना विजार फाटायला लागली. वर पाहिलं की जिथे पानांचं छप्पर असायचं तिथे आभाळ दिसायचं. झाडं म्हातारी झाली, आपणही झालो, असं म्हणून तो पुढे जायचा. माणूस स्वतःची समजूत घालण्यात फार हुशार असतो.

मग केंद्रात नव्या मॅडम आल्या. त्यांनी जुने शेरे काढून वाचले आणि त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या टोकावर टेकला.

“काका, पूर्वेच्या रांगेतच इतके पक्षी कसे?”

“त्यांनाच विचारा,” तो हसून म्हणाला. “पण माझ्या हातून घाण बाटली कधी गेली नाही, मॅडम.”

“तुम्ही पक्षी पाहिलेत? विष्ठा पाहिलीत?”

तो आठवू लागला. विष्ठा अशी नव्हती. पाणी हिरवं असायचं, वास यायचा. मग ती घाण दुसऱ्या कशाची असणार?

मॅडमनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया उडतो, त्यांनी सांगितलं, आणि वाऱ्याबरोबर येऊन पहिल्याच झाडांवर बसतो. पावसाने धुतला जाऊन तो खाली येतो, आणि त्यावरच पाण्यात हिरवं शेवाळ धरतं. त्यातला नायट्रोजन म्हणजे झाडांचं अन्नच, पण हे रोजचं जेवण झालं फार. झाडांना अजीर्ण होतं. मुळांना अन्नपाणी आणून देणारी बुरशी मरते, मातीतली बाकीची सत्त्वं वाहून जातात, आणि गवताचं मात्र फावतं. “ते पाणी घाण नव्हतं, काका. तेच मोजायचं होतं. तुम्ही ‘पक्षी’ लिहिलंत त्या रिकाम्या जागी इथले लोक दुसऱ्या रांगांची सरासरी भरत गेले, आणि कागदावर जंगल ठणठणीत राहिलं.”

“मग आता पाठवतो ना सगळ्या बाटल्या.”

“पाठवा. पण सगळं पहिल्यापासून मोजावं लागेल. काही वर्षं गेल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. आणि मातीत जे मुरलंय ते आज शेड बंद केल्या तरी आपल्या हयातीत निघायचं नाही.”

त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर चौकात उभं केलंय. चोरी केली असती तर निदान कबूल तरी करता आली असती. त्याने तर नुसतं काम केलं होतं, आणि तेही मन लावून.

तो तडक लेकीकडे गेला. नवी शेड बांधून तयार होती, जुन्या सगळ्यांहून मोठी. तिच्या दारातच त्याने सगळं सांगून टाकलं आणि म्हणाला, “एवढी एक भरू नकोस. जुन्या आहेत त्या राहू देत.”

लेक म्हणाली, “बाबा, जंगलाला काही होत नाही, असं तुमच्या केंद्रानेच लिहून दिलं. तुमच्याच पाण्यावरून. म्हणून तर परवानगी मिळाली. मी तेव्हाच तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय? तुम्ही म्हणालात, खुशाल बांध.”

त्याला आठवत होतं. आपलं काम लेकीच्या उपयोगी पडलं म्हणून तेव्हा तो दिवसभर हवेत होता.

“यांची पाठ गेलीय,” ती नवऱ्याबद्दल म्हणाली. “पोरांचं शिक्षण यावरच आहे. मी आता काय करू, तुम्हीच सांगा.” ती खरंच विचारत होती. रागावता येईल असं कुणीच नव्हतं, ती नाही, जावई नाही, मॅडम नाहीत, आणि स्वतःवर रागावून एकही झाड सावरणार नव्हतं.

तेवढ्यात पिल्लांची गाडी आली. ड्रायव्हर घाईत होता, जावयाला वाकता येत नव्हतं. लेक एकटीच खोकी उतरवायला लागली. एक खोकं तिच्या हातून निसटलं तसा तो पुढे झाला आणि त्याने ते झेललं. मग दुसरं घेतलं. खोक्यांतून बारीक चिवचिवाट येत होता. रस्त्यापलीकडे पूर्वेकडची रांग होती. तिकडे पाठ करून तो खोकी आत नेत राहिला.

“बाबा, सावकाश,” लेक म्हणाली. “जीव आहेत ते.”

“हो,” तो म्हणाला, आणि पुढचं खोकं उचलायला वाकला.